नवे हेडलाइट, जुनी अर्थिंग

मुलुंडच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. त्यांची २०१५ची पेट्रोल हॅचबॅक, मूळची एच४ हॅलोजनवाली, म्हणजे एकाच बल्बात डिपर (जवळचा, खाली पडणारा उजेड) आणि अपर (लांबचा) दोन्ही असलेली. त्यांनी बाहेरून हेडलाइटचा अख्खा सेट घेतला, आतून काळा, कडेला पांढरी डीआरएल रिंग (दिवसाही लागणारा दिवा), आणि त्यात एच४च्याच मापाचे एलईडी बल्ब टाकले. दुकानातल्या पोराने पाऊण तासात सगळं बसवून दिलं. तेव्हापासून डावा दिवा आयडलवर, म्हणजे इंजिन रेस न देता चालू असताना, लुकलुकतो. अर्धा तास गाडी चालली की दोन्ही दिव्यांचा उजेड उतरतो. पावसात दोनदा फ्यूज उडाला. दिवे लावले की रेडिओवर खरखर येते. शनिवार-रविवार गाडी उभी राहिली की सोमवारी सेल्फ उचलत नाही. एक दुकानदार म्हणतो बॅटरी बदला, दुसरा म्हणतो अल्टरनेटर गेला. गणपतीला सहकुटुंब कोकणात जायचंय, तेही रात्रीचं. काय करू, असं विचारलंय.

साहेब, आधी खिशात घातलेला हात बाहेर काढा. अल्टरनेटर तर अजिबात बदलू नका. साधा हिशोब आहे. तुमचे जुने डिपर ५५-५५ वॅटचे होते, म्हणजे जोडीचे ११०. नव्या एलईडीच्या खोक्यावर काहीही आकडा छापलेला असो, प्रत्यक्षात असा एक बल्ब साधारण २५ ते ३० वॅट खातो. म्हणजे दिवे बदलून गाडीवरचा बोजा निम्म्यावर आला. बोजा निम्मा झाल्यावर अल्टरनेटर अचानक कमी कसा पडेल? तरी मनाची शांती हवी असेल तर मीटर बॅटरीच्या दोन टोकांना लावा. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन चालू करून दिवे आणि एसीचा ब्लोअर लावा. १३.८ ते १४.४ मिळालं की अल्टरनेटरचा विषय संपला.

मीटर नसेल तर लॅमिंग्टन रोडला जाऊन एक डिजिटल मीटर घ्या. महागातला नको. सोबत पातळ टोकाची एक पिन घ्या, कपलरच्या, म्हणजे बल्बला वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या प्लगच्या, मागच्या बाजूने वायरीच्या कडेने आत सरकवता येईल अशी. वायरीचं कातडं सोलून किंवा टोचून रीडिंग घ्यायची सवय लावू नका. मुंबईच्या हवेत त्या एका भोकातून दमट खारी हवा आत जाते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तांबं हिरवं पडतं.

आता मूळ गोष्ट. मी हे काम परळच्या एका गॅरेजमध्ये पद्मिनी टॅक्सींवर शिकलो. त्या टॅक्सींची शेवटची नोंदणी २००३ साली झाली आणि २० वर्षांची मुदत संपल्यावर २०२३च्या ऑक्टोबरअखेर त्या मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या. आमचे उस्ताद नवीन पोराला पहिल्या दिवशी एकच वाक्य ऐकवायचे: "करंट जातो कसा ते सगळे बघतात, तू परत येतो कसा ते बघ." मी आजवर जितके बाहेरून बसवलेले हेडलाइट दुरुस्त केले, त्यात निम्म्याहून जास्त वेळा खोट परतीच्या वाटेवर निघाली, म्हणजे अर्थिंगवर: दिव्यापासून गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हला परत जाणाऱ्या जोडणीवर. दिव्यात नाही, बॅटरीत नाही. आणि ती सापडत नाही, कारण लोक बल्ब काढून रिकाम्या कपलरवर मीटर लावतात.

हे नीट समजून घ्या, बाकीचं आपोआप समजेल. डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वायरीतल्या पंचवीस तारांपैकी चोवीस तुटल्या आणि एकच उरली, तरी रिकाम्या कपलरवर मीटर १२.६ दाखवणार. पोरगा म्हणणार, "सप्लाय एकदम ओके आहे, बल्बच खराब." बल्ब लावला की त्या एका तारेतून चार-साडेचार अँपिअर जायची वेळ येते आणि तिथेच व्होल्टेज बसतं. नळावरचं उदाहरण घ्या. चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर नळ बंद असताना पाइपात प्रेशर असतंच, बादली लावल्यावर कळतं पाणी किती येतंय. म्हणून दिवा पेटलेला असताना, कपलर जागेवर असतानाच मोजायचं. दिवा बंद असताना घेतलेलं रीडिंग मी वहीत लिहूनही घेत नाही.

तुमच्या गाडीवर असं करा. जुने हॅलोजन बल्ब फेकले नसतील तर ते परत नव्या हेडलाइटमध्ये लावा. काचेला बोट लावू नका, बोटाचा तेलकटपणा तापून काच फुटते. ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीची परीक्षा आहे. हॅलोजन हा मुका, प्रामाणिक बल्ब. त्यात सर्किट नाही, डायोड नाही. वाट खराब असेल तर तो सरळ मंद होतो. इंजिन चालू, डिपर चालू. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर धरा. टोकावर म्हणजे शिशाच्या खुंटीवर, त्यावरच्या क्लॅम्पवर नाही. लाल पिन डाव्या कपलरच्या तीन वायरींना मागून एकेक करून लावा.

एका वायरीवर १३च्या आसपास आणि उरलेल्या दोनांवर जवळजवळ शून्य आलं, तर तुमच्या गाडीत पॉझिटिव्ह स्विचिंग आहे, म्हणजे समाईक वायर बॉडीला अर्थ केलेली आहे. उलट दोन वायरींवर १३ आणि एकीवर शून्य आलं, तर ती गाडी निगेटिव्ह स्विचिंगची. तिथे पॉझिटिव्ह समाईक असतो आणि स्विच अर्थ जोडतो-तोडतो. जपानी घराण्याच्या बऱ्याच गाड्यांत ही पद्धत दिसते. हा फरक न बघता रिले किट (बॅटरीवरून दिव्याला थेट सप्लाय देणारं स्विचचं वायरिंग) लावणाऱ्यांमुळे माझं घर चालतं असं मी गमतीने म्हणतो.

तुम्ही लक्षणं लिहिलीत त्यावरून तुमची गाडी पहिल्या प्रकारची वाटते. समाईक वायरीवर शून्य म्हणजे किती शून्य, ते बघा. ०.१, ०.२ चालेल. अर्धा व्होल्ट आला तर काम काढायचं. एक-दीड आला तर चोर सापडला. मग लाल पिन कपलरवरून पुढे सरकवत न्या: आधी वायरीच्या शेवटच्या थिंबलवर, म्हणजे टोकाच्या धातूच्या कड्यावर, मग थिंबल ज्या बोल्टखाली आहे त्या बोल्टवर, मग शेजारच्या कोऱ्या पत्र्यावर. ज्या दोन ठिकाणांच्या मधे आकडा एकदम पडतो, तिथे खराबी आहे. सप्लायची बाजूही अशीच: लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, काळी पेटलेल्या डिपरच्या वायरीवर, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक नको.

मीटर न लावताही एक खूण मिळते. हॅलोजन टाकून फक्त डिपर लावा आणि डॅशबोर्डवरचा अपरचा निळा दिवा बघा. तो काजव्यासारखा मिणमिणत असेल तर अर्थिंग गेली समजा. डाव्या बल्बचा करंट डिपरच्या फिलामेंटमधून येतो, परतीची वाट बंद बघतो आणि त्याच बल्बच्या अपर फिलामेंटमधून उलटा घुसून अपरच्या लाइनवर चढतो. तिथून उजव्या बल्बमधून आणि निळ्या दिव्यातून अर्थ शोधत बाहेर पडतो. लोकलचा फास्ट ट्रॅक बंद झाला की गाड्या स्लोवर वळवतात तसंच, पोचते पण रडतखडत.

एलईडीत हे असं सरळ दिसत नाही, म्हणून तो लुकलुकतो. एलईडीच्या मागे ड्रायव्हर असतो, म्हणजे त्याचा करंट सांभाळणारं छोटं सर्किट. व्होल्टेज कमी झालं की उजेड तेवढाच ठेवायला तो जास्त करंट ओढतो. करंट वाढला की खराब जोडावर व्होल्टेज आणखी पडतं. मग तो आणखी ओढतो, शेवटी त्याच्या मर्यादेखाली येऊन बंद पडतो. बंद पडल्याबरोबर बोजा गेला, व्होल्टेज पुन्हा वर, पुन्हा पेटला. सेकंदाला पाच-सात वेळा हा खेळ चालतो. आयडलवर तो जास्त दिसतो कारण इंजिन जरा थरथरतं आणि चार्जिंगही थोडं खाली असतं. रेस दिली की लुकलुक थांबते, आणि पोरगा म्हणतो, "अल्टरनेटर!"

डाव्या बाजूचा अर्थ बोल्ट बहुतेक दुकानातच सैल राहिला असणार. अख्खा सेट बदलताना बंपर आणि पुढचे ब्रॅकेट सोडवावे लागतात. तिथला एखादा बोल्ट हेच अर्थचं ठिकाण असतं आणि घाईत तो हातानेच फिरवून ठेवतात. विलेपार्ल्याच्या एका डॉक्टरांची गाडी माझ्याकडे तिसऱ्या दुकानातून आली होती. बॅटरी नवी, अल्टरनेटर नवा, बल्बांचा दुसरा जोड. मोजलं तर अर्थवर १.८ व्होल्ट. आधी कधीतरी पुढून ठोकर बसून डेंटिंग-पेंटिंग झालं होतं आणि पेंटरने बोल्टखालच्या पत्र्यावरही छान तीन हात रंग मारला होता. रंगावर थिंबल, त्यावर बोल्ट. दहा नंबरचा पाना आणि वीतभर पॉलिश पेपर, एवढ्यात काम झालं. डॉक्टर म्हणाले, फी किती? मी म्हटलं, निदानाची द्या, ऑपरेशन फुकट.

तुम्हीही तेच करा. बोल्ट खोला, थिंबल आणि पत्रा दोन्ही चकचकीत होईपर्यंत घासा, दातेरी वॉशर टाका, घट्ट आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली किंवा ग्रीस फासा. क्रम उलटा करू नका, जेली आवळल्यानंतर. नव्या सेटची अर्थ वायर दुसऱ्या वायरीला पिळून काळी टेप मारलेली दिसली तर ती सोडवून तिला स्वतःचं थिंबल लावा, पक्कडने दाबून, वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी). आमच्याकडे जे निळे चिमटे मिळतात, वायर न सोलता चावून जोड देणारे, ते मी मुंबईत वापरत नाही. मरीन ड्राइव्हला रोज गाडी लावणाऱ्याच्या बोनेटमध्ये तो चिमटा एक पावसाळा निघाला तर देवाची कृपा.

एवढ्या लहान जोडाचं एवढं काय, असं वाटत असेल तर हा आकडा बघा. जोडात फक्त ०.१५ ओहम अडथळा धरा. ५५ वॅटचा बल्ब साधारण ४.६ अँपिअर घेतो. म्हणजे तिथे ०.७ व्होल्ट जातं आणि सव्वातीन वॅट उष्णता तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत निघते. म्हणून कपलरची एकच पिन तपकिरी होऊन वितळलेली दिसते. त्यात कोणी १००/९० वॅटचे हॅलोजन टाकले असतील तर ती उष्णता साडेआठ वॅटवर जाते. हॅलोजनचा उजेडही व्होल्टेजच्या प्रमाणात सरळ उतरत नाही. व्होल्टेज १० टक्के पडलं तर उजेड जवळपास ३० टक्के जातो. "माझ्या गाडीचे दिवे पहिल्यापासूनच मंद आहेत" म्हणून लोक एलईडी घ्यायला धावतात, त्यातल्या पुष्कळांना नुसता पॉलिश पेपर पुरला असता. तपकिरी झालेला कपलर मात्र साफ करत बसू नका. पिनेची पकड गेलेली असते. सिरॅमिक होल्डर मिळतो, वायरीसकट तोच बसवा.

अर्ध्या तासाने उजेड उतरणं हा वेगळा विषय आहे आणि त्याचा वायरिंगशी संबंध नाही. लगेच मंद म्हणजे वाट खराब, उशिरा मंद म्हणजे उष्णता. एलईडी तापला की त्याचा ड्रायव्हर जीव वाचवायला करंट कमी करतो. बल्बच्या मागे छोटा पंखा असतो, त्याला हवा लागते. दुकानात मागचं रबरी टोपण पंख्यावर दाबून बसवलेलं असणार, किंवा पंख्याची वायर पात्यात अडकलेली असणार. बोनेट उघडून दिवे लावा आणि कान द्या, दोन्ही बाजूंनी बारीक घूं ऐकू आलं पाहिजे. टोपण कापून टाकू नका, पावसाचं पाणी थेट रिफ्लेक्टरवर जाईल. खोल टोपण मिळतं, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा ऑपेरा हाउसच्या बाजारात जुना बल्ब आणि टोपण दोन्ही नमुन्याला घेऊन जा.

फ्यूजचं ऐका. १५ अँपिअरचा उडतो म्हणून कोणी ३०चा टाकला असेल तर आज, आत्ता, बदला. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो. १५ला उडायचा तो ३०ला उडणार नाही, वायर पेटेल. पावसातच उडतो म्हणजे कुठेतरी वायर सोललेली आहे आणि ओल आली की बॉडीला लागते. बाहेरच्या सेटची मागची पेटी मूळच्यापेक्षा जाड असते, वायरिंग तिच्या आणि पत्र्याच्या मधे चेंगरतं. शोधायची जुनी युक्ती सांगतो, यात एकही फ्यूज वाया जात नाही. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट घ्या आणि त्याच्या दोन वायरी उडालेल्या फ्यूजच्या जागी लावा. दोन्ही हेडलाइटचे कपलर आणि डीआरएलच्या पिना काढून ठेवा, मग स्विच चालू करा. आता त्या लाइनवर काहीच लावलेलं नाही, तेव्हा बल्ब लागायला नको. भकभकीत पेटला तर पुढे कुठेतरी शॉर्ट आहे. शॉर्ट असला तरी बल्ब पावणेदोन अँपिअरच्या वर जाऊ देत नाही, त्यामुळे काही जळत नाही. एकाला बल्बकडे बघायला बसवा, तुम्ही वायरिंग इंच इंच हलवत जा. जिथे हात लागल्यावर बल्ब विझेल, तिथली वायर उघडी. कोरड्यात सापडली नाही तर झाडांना मारायच्या फवाऱ्याने थोडं थोडं पाणी मारत जा. होज पाइप नको, मग सगळंच ओलं होतं आणि कुठलं ते कळत नाही.

सोमवारी सेल्फ न उचलण्याचं कारण मी न बघताच सांगतो, पैज लावायची तयारी आहे: रिंगची लाल वायर थेट बॅटरीवर दिलेली आहे, किंवा कायम चालू असलेल्या एखाद्या लाइनवर. चावी काढल्यावर रिंग विझते म्हणून शंका येत नाही, पण तिचा छोटा कंट्रोल डबा जागाच राहतो. कधी एक रिंग अगदी फिकट लागलेली असते, दिवसा दिसत नाही. ०.३ अँपिअर जरी गळत असेल तरी ४८ तासांत साडेचौदा अँपिअर-तास गेले. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतून ४० टक्के! जुनी बॅटरी तिथेच मान टाकते. मोजायचं तर मीटर १० अँपिअरच्या भोकात लावून निगेटिव्ह टोक आणि केबलच्या मधे घाला. दरवाजे बंद, चावी लांब, अर्धा तास थांबा कारण गाडीतले कंट्रोलर झोपायला वेळ घेतात. त्यानंतर ५० मिलिअँपिअरच्या आत असलं पाहिजे. या स्थितीत चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. उपाय सोपा. रिंगचा सप्लाय इग्निशनवर चालणाऱ्या फ्यूजवरून घ्या, फ्यूज-टॅप (फ्यूजच्या जागेतून जादा वायर काढून देणारा तुकडा) वापरून, आणि तिला स्वतःचा छोटा फ्यूज द्या. वायरींच्या रंगांवर विश्वास ठेवू नका. अशा सेटमध्ये काळी म्हणजे अर्थच असेल असं काही नाही, मी पांढरी अर्थ आणि काळी इंडिकेटरची पाहिलेली आहे.

रेडिओची खरखर ड्रायव्हरमुळे आहे. तो आत सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो आणि त्याच्या वायरी एरियलसारख्या वागतात. इंजिन बंद ठेवून नुसते दिवे लावले आणि खरखर आली तर दिवे दोषी. आवाज रेसबरोबर चढत-उतरत असेल, तर मात्र अल्टरनेटरच्या डायोडकडे बघावं लागेल. दिव्यांची असेल तर ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना वायरीवर फेराइटचा चिमटा लावा, तोही लॅमिंग्टन रोडलाच मिळतो, आणि सुट्ट्या वायरी एकमेकींवर पिळून ठेवा. थोडा फरक पडेल. पूर्ण जाईल असं मी सांगणार नाही. स्वस्त ड्रायव्हरला इलाज नसतो. रिमोटची चावी लांबून लागेनाशी झाली असेल तर तीही याच खरखरीची बहीण.

तुमच्या प्रश्नात नाहीत, पण हाच सेट बसवणाऱ्या इतरांना भेटणाऱ्या दोन गोष्टी. पहिली, निगेटिव्ह स्विचिंगच्या काही गाड्यांत निळ्या दिव्याला सप्लाय डिपरच्या फिलामेंटमधून मिळतो. एलईडीतून उलटा करंट जात नाही, म्हणून अपर लागतो पण निळा दिवा लागत नाही, किंवा डिपर विझतच नाही. हॅलोजन परत टाकल्यावर सगळं ठीक झालं तर वायरिंग शोधत बसू नका, त्या प्रकारच्या गाडीसाठी बनवलेलं अडॅप्टर लागतं. दुसरी, नव्या गाड्यांत दिव्यांचा सप्लाय बॉडी कंट्रोलर, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर, देतो आणि करंट मोजतो. २५ वॅट बघून त्याला वाटतं बल्ब गेला, मग डॅशबोर्डवर इशारा येतो. काही कंट्रोलर सप्लाय तुकड्या-तुकड्यांनी देतात, तिथे एलईडी लुकलुकतो आणि वर सांगितलेली सगळी रीडिंग चांगली येतात. तिथे बाजारात कॅनबस नावाने मिळणारं, तुटक सप्लाय सलग करणारं फिल्टरवालं कपलर लागतं. बाजारात सोनेरी रंगाचा ५० वॅट ६ ओहमचा रेझिस्टर गळ्यात मारतात. १४ व्होल्टवर तो ३३ वॅट जाळतो, म्हणजे एलईडीने वाचवलेलं सगळं परत उष्णतेत. लावायचाच तर उघड्या पत्र्यावर स्क्रूने, प्लास्टिकपासून आणि वायरिंगपासून लांब. टेपने बंपरच्या आत चिकटवलेला मी काढलाय, बंपरला भोक पडलं होतं. आणि अशा गाडीत टेस्ट लॅम्प इकडे-तिकडे टोचू नका, कंट्रोलरची किंमत ऐकून डोळे पांढरे होतील.

रिले किट घेऊ का, हा प्रश्न पुढे येणारच म्हणून सांगतो. एलईडीला गरज नाही. हॅलोजनवर परत जाणार असाल आणि गाडी जुनी असेल तर जरूर घ्या. ८५-८६ ही कॉइल, तिला जुन्या कपलरमधून इशारा द्यायचा. ३०ला बॅटरीवरून २.५ चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज. ८७ दिव्याला. बल्ब ६०/५५चेच. रिले आडवा किंवा पिना वर करून बांधू नका, हिंदमाताच्या पाण्यातून एकदा गेलात की त्याची वाटी भरते. पिना खाली.

काम झालं की सोसायटीच्या पार्किंगमधल्या भिंतीसमोर पाच मीटरवर गाडी लावा, टायरमध्ये हवा बरोबर, एक माणूस ड्रायव्हरच्या जागी. डिपरची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण पाच सेंटीमीटर खाली यायला हवी आणि डावीकडे वर चढायला हवी. उजवीकडे चढत असेल तर तो सेट रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवणाऱ्या देशांसाठी बनलेला आहे, कितीही स्क्रू फिरवा, समोरच्याच्या डोळ्यांतच जाणार. परत करा. एलईडीचे चिप बरोबर डावी-उजवीकडे, म्हणजे घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी असले पाहिजेत, नाहीतर कड तयारच होत नाही. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी टाकणं हे मला स्वतःला पसंत नाही, स्पष्टच सांगतो. रस्त्यावर पांढरा झगमगाट दिसतो पण तो जवळच पडतो, आणि पावसात ओल्या डांबरावर पिवळा हॅलोजन डोळ्याला बरा. शिवाय १९८८च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांबद्दल आहे आणि २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्याविरुद्ध निकाल दिलाय. अडवलं तर वाद घालायला जागा राहत नाही. मूळ हेडलाइट आणि कपलर जपून ठेवा, वायर कुठेही कापू नका.

कोकणात निघायच्या आधी आठवडाभर एकदा रात्री तासभर चालवून बघा, पाऊस असेल त्या दिवशी. अर्थवरचं रीडिंग परत घ्या, गरम झाल्यावरचं. डिकीत स्टेपनीच्या खाली दोन जुने हॅलोजन बल्ब फडक्यात गुंडाळून, १५चे चार फ्यूज, दहा नंबरचा पाना आणि टॉर्च ठेवा. कशेडी घाटात एलईडी गेलाच तर एच४ बदलायला दहा मिनिटं लागतात. घरी एकदा अंधारात बदलून बघा म्हणजे तिथे क्लिप कुठल्या बाजूला दाबायची ते हाताला ठाऊक असेल.